पुढच्या आवृत्तीसाठी काही सूचना

खेळ चांगला आहे, हे आधी सांगतो.
नाहीतर बर्काच्या या खोलीत
रात्रपाळी करून आलेला माणूस
पडदा ओढून, कानाला हेडफोन लावून
नऊ वाजेपर्यंत ड्रॅगनमागे कशाला फिरेल?

पण तुमच्याकडे तहान नाही.
एकशे चाळीस तास झाले, माझा योद्धा
एकदाही पाणी प्यायलेला नाही.
गुडघाभर नदीतून धावत जातो,
ओंजळ करत नाही.
मी समुद्रातलं मीठ काढतो, साहेब. बारा तास.
चार नंबरच्या पंपाचा सूर बदलला
तर मला झोपेत कळतं.
एका पेल्यामागे किती वीज जळते, मला विचारा.
नदी फुकटच ठेवा,
पण एकदा तरी त्याला वाकू द्या.

पोतडीचं म्हणाल तर
अकरा तलवारी, दोन चिलखतं, अख्खं एक हरीण
आणि वर हा कोलांटी मारतो!
आम्हाला तीस किलो.
मस्कतच्या विमानतळावर सातशे ग्रॅम जास्त भरले
तेव्हा भाच्याचे बूट बाहेर काढले.
माझ्या पायात घालावेत तर चौथीतल्या पोराचे.
गळ्यात अडकवून विमानात बसलो.
वजन असं ठेवा
की माणूस फतकल मारून फरशीवर बसेल
आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघेल.

पुलावरचा पहारेकरी:
'वादळ येतंय, वाटसरू.'
राजाला सोडवून आलो. 'वादळ येतंय, वाटसरू.'
राजालाच मारून आलो. 'वादळ येतंय, वाटसरू.'
पहिल्यांदा चीड आली, लिहिणारही होतो.
पण आमच्या गेटवर टेकबहादूर
सहा वर्षं रोज विचारतो, 'ड्यूटी?'
मी म्हणतो, 'ड्यूटी.'
त्यापुढे आमचं बोलणं गेलेलं नाही.
गेल्या महिन्यात तिकडे त्याला मुलगी झाली,
त्या रात्रीही त्याने तेच विचारलं,
फक्त शेवटचं अक्षर जरा लांबवलं.
तेव्हा वाक्य असू द्या तेच.
आवाजाचं काही करता आलं तर बघा.

मेल्यावर थोडे पैसे कापून
पुन्हा कामाला उभं करता,
याबद्दल तक्रार नाही. सवय आहे.

रेनाटोचं मात्र बघाच.
माझा जोडीदार, तिरंदाज, पलीकडच्या खाटेवरचा.
मार्चमध्ये करार संपला, तो गेला.
जाताना मला भाताचा कुकर दिला, चार हँगर दिले,
अर्धी बाटली व्हिनेगर.
खेळात तो अजून शेकोटीशी बसलाय,
हातात अर्धवट भाजलेलं तेच मांस.
मी जवळ जाऊन बटण दाबतो, तो मान डोलावतो.
त्याचं धनुष्य मला घेता येत नाही,
देवाणघेवाणीला दोघं हजर लागतात म्हणे.
साहेब, गेलेल्या माणसाला
काहीतरी मागे ठेवता येईल अशी सोय करा.
ते होत नसेल तर निदान
ते मांस एकदाचं शिजू द्या.

अक्षरं मोठी करा. चाळिशी लागली मला.

शेवटचं. भर लढाईत थांबायचं बटण हवं.
परवा कंपनीची बस दहा मिनिटं आधी आली,
लांडग्यांच्या कळपापुढे योद्धा तसाच सोडून
एक बूट हातात घेऊन मी पळालो.
सकाळी येऊन बघतो तर जिवंत!
आमचा दापोलीचा शौकत,
या सगळ्याला पोरखेळ म्हणणारा,
खाटेवरून म्हणाला,
'ढालीचं बटण धरून बसलो साडेबारापर्यंत.
अंगठा सुजला.
मग तुझे लांडगेच कंटाळले
आणि निघून गेले.'

लांडगे कंटाळतात, हे मला माहीत नव्हतं.
ते तेवढं काढू नका.